मिहानची मोठी कंपनी की गायत्रीनगरचं छोटं ऑफिस?

ताई, मी २६ वर्षांची आहे. त्रिमूर्तीनगरला आईबाबांसोबत राहते. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. आता दोन ऑफर आहेत. इथे नागपुरातच, मिहानमधली मोठी आयटी कंपनी वर्षाला ७.२ लाख देते, त्यात ७० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारे. काम टेस्टिंगचंच. गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळची १८ माणसांची कंपनी ९.५ लाख म्हणते, त्यातले दीड लाख ईसॉपचे, म्हणजे कंपनीच्या शेअरच्या रूपात. तिथे डेव्हलपमेंट करायला मिळेल. बाबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. ते म्हणतात, नावाची कंपनी घे, उद्या स्थळं येतील तेव्हा लोक विचारतील. शुक्रवारपर्यंत दोघांनाही कळवायचं आहे. काय करू?

बेटा, माझं मत आधी सांगते. एका अटीवर छोटी कंपनी घे, आणि ती अट बाबांच्या तब्येतीची आहे.

तुला टेस्टिंगमधून बाहेर पडायचंय, हे पत्रात सरळ लिहिलं नसलंस तरी जाणवतं. मोठ्या कंपनीत एकदा टेस्टर म्हणून घेतलं की प्रोजेक्टही तसेच मिळत जातात. १८ माणसांच्या ऑफिसात कोड लिहिणं, रात्री सर्व्हर बसला तर उठवणं, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणं, सगळं अंगावर येतं. दमशील, पण शिकशील. आणि ही जोखीम तुला आज परवडते, कारण डोक्यावर ना भाडं आहे ना हप्ता. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला मी हेच इतक्या खात्रीनं सांगितलं नसतं.

आता पैसे. ईसॉपचे दीड लाख हिशोबातून सरळ वगळ. हे शेअर साधारणपणे चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळतात, पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलंस तर बहुधा काहीच नाही. कंपनी शेअर बाजारात नसेल तर ते विकायचे कुणाला? शिवाय शेअर घेताना त्या वेळची किंमत आणि तू भरलेली रक्कम यातला फरक पगारात धरून कर लागतो, विकून एक रुपयाही हाती आलेला नसला तरी. तेव्हा ही ऑफर ८ लाखांची समज. मिहानची, व्हेरिएबल सोडून, साडेसहाची. त्यातही ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, धरली आहे का बघ. ती नोकरीची पाच वर्षं झाल्यावरच हाती येते. पीएफचा कायदा २० माणसांपासून लागू होतो, म्हणून १८ जणांकडे तो कापतात का हे स्पष्ट विचार.

बाबांची गोष्ट मात्र गंभीर आहे. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांना घेता येत असेल तर आधीचे आजारही बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तू बाहेरून वेगळी पॉलिसी काढलीस तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्टेंट बसवलेल्या माणसाला हा काळ उघड्यावर काढायला लावू नकोस. छोट्या कंपनीला विचार, तुमची ग्रुप पॉलिसी आहे का, त्यात आईबाबांना घ्याल का, प्रीमियम माझ्या पगारातून कापा. लेखी 'हो' आलं तर जा. 'बघू नंतर' म्हणाले तर मिहान घे, आणि टेस्टिंग करता करता कोडिंगचा हात चालू ठेव. माझी अट ती हीच.

पगार वेळेवर होतो का, हे मालकाला विचारून कळत नाही. तिथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना चहाला गाठ. गेल्या वर्षभरात कधी पगार लांबला का, किती जण सोडून गेले, ग्राहक एकच आहे की बरेच, एवढं विचार. सगळा पैसा एकाच ग्राहकाकडून येत असेल तर मी कचरेन. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून ताळेबंद शेवटचा कधी भरलाय तेही पाहून घे.

स्थळांचं म्हणशील, तर कंपनीचं नाव ऐकून होकार देणाऱ्या घराची मला तुझ्यासाठी जास्त काळजी वाटेल. पण बाबांशी त्यावरून वाद घालू नकोस. त्यांची भीती लग्नाची कमी आणि तुझा पगार अचानक बंद पडण्याची जास्त असावी. विम्याचा कागद त्यांच्यापुढे ठेव. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या एफडीत टाकायचं ठरव आणि तेही त्यांना सांग.

शुक्रवार जवळ आलाय. आजच दोन्हीकडे मेल करून चार दिवस जास्तीचे माग, एचआरला अशा मेलची सवय असते. आणि छोट्या कंपनीला विम्याचा प्रश्न त्याच मेलमध्ये विचार.