व्यासाने मोठा की वस्तुमानाने?

प्रश्न असा आला आहे: "'दूरच्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या दीडपट आकाराचा ग्रह सापडला' अशी बातमी वाचली. माझे एक स्नेही म्हणतात, आकार म्हणजे गोल, चौकोनी वगैरे. इथे 'आकारमान' हवं. मला 'आकार' खटकत नाही. बरोबर कोण?"

तुम्हाला 'आकार' खटकत नाही, यात गैर काही नाही. पण या वाक्यात तो पुरेसा नाही, आणि तुमच्या स्नेह्यांचा शब्द घातला तर आकडाच बदलतो.

आधी 'आकार'. कुंभार मातीला आकार देतो, देव निराकार असतो, कल्पना हळूहळू आकार घेते. म्हणजे मुळात हा 'कसा?' या प्रश्नाच्या उत्तराचा शब्द. 'केवढा?' असं विचारलं की आपण माप सांगतो: चपलेचं माप, ब्लाउजचं माप. तरी 'आंबा आकाराने लहान, पण गोड' हे वाक्य घराघरात बोललं जातं, तेव्हा 'आकार' म्हणजे 'केवढेपणा' हा अर्थही आता मराठीत मुरलेला आहे. त्याला चूक म्हणू नये.

'आकारमान' मात्र शाळेच्या विज्ञानाने पक्कं बांधून ठेवलंय: घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. गणिताच्या तासाला ज्याला घनफळ म्हणतात तेच हे, वस्तूने व्यापलेली जागा. आता गंमत बघा. व्यास दीडपट असलेल्या ग्रहाचा पृष्ठभाग दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होतो. घनफळ काढायला पुन्हा दीडने गुणायचं. उत्तर सव्वातीन आणि साडेतीनच्या बरोबर मध्ये येतं. ज्यांनी दिडकी पाठ केली असेल त्यांना हे तोंडी जमेल. उलट 'आकारमानाने दीडपट' असं लिहिलं, तर व्यास पृथ्वीच्या जेमतेम १.१४ पट उरतो. एका ग्रहाचे दोन ग्रह झाले, तेही एका शब्दामुळे.

मग बातमीतला 'दीडपट' कशाचा असतो? बहुतेक वेळा व्यासाचा (किंवा त्रिज्येचा, पट तीच येते). कारण मोजलं तेच जातं. ग्रह आपल्या ताऱ्याच्या तोंडावरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. याला मराठीत अधिक्रमण हा उत्तम शब्द आहे. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ला शुक्राचं अधिक्रमण झालं तेव्हा तो वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला होता. फक्त त्याचं 'अतिक्रमण' होऊ देऊ नका. प्रकाश किती घटला यावरून ग्रहाची तबकडी ताऱ्याच्या तबकडीचा कितवा भाग झाकते ते कळतं, आणि त्याचं वर्गमूळ काढलं की दोघांच्या व्यासांचं गुणोत्तर. लक्षात घ्या, हे नुसतं गुणोत्तर आहे. ताऱ्याचा व्यास मोजण्यात चूक असेल तर ती जशीच्या तशी ग्रहाच्या गळ्यात पडते.

या मोजणीत वस्तुमानाचा कुठे संबंधच येत नाही. एका हातात बेसनाचा लाडू घ्या, दुसऱ्या हातात तेवढाच चुरमुऱ्याचा. डोळ्यांना दोन्ही सारखे. फरक तळहाताला कळतो. दूरच्या ग्रहाला तळहातावर घेता येत नाही, म्हणून त्याचं वस्तुमान ताऱ्याला विचारावं लागतं. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढेमागे होतो आणि ती हालचाल त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात उमटते.

केपलर-१०बी हे माझं आवडतं उदाहरण. कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याभोवती हा ग्रह दर वीस तासांनी एक फेरी मारतो. केपलर दुर्बिणीला त्या ताऱ्याचा प्रकाश लाखात सुमारे पंधरा भाग घटताना दिसला. हवाईतल्या केक दुर्बिणीने तारा सेकंदाला साधारण तीन मीटरने, म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलच्या वेगाने, मागेपुढे होताना टिपला. जानेवारी २०११ मध्ये जाहीर झालेले आकडे असे: व्यास पृथ्वीच्या १.४ पट, वस्तुमान साडेचारपटीच्या जरा वर. यावरून घनता निघाली पाण्याच्या ८.८ पट. पृथ्वीची आहे साडेपाच. म्हणजे हा भलताच लोखंडी ग्रह वाटला. पुढे २०१४ मध्ये नव्या मोजण्यांनी व्यास १.४७ पट आणि वस्तुमान ३.३ पट आलं, आणि घनता उतरली ५.८ वर, पृथ्वीच्या अगदी शेजारी. ग्रह तोच, जागेवरच होता. व्यास थोडासा वाढला, तर घनफळात ती वाढ तीनदा गुणली गेली, वस्तुमान घटलं, आणि लोखंडाच्या गोळ्याचा पृथ्वीसारखा दगड झाला. 'दीडपट मोठा' या शब्दांत यातलं काय दिसतं? काहीच नाही.

इथे 'घन' या शब्दाबद्दल थोडं बोलल्यावाचून राहवत नाही. घनफळातला घन म्हणजे तीच संख्या तीनदा घेऊन केलेला गुणाकार. या अर्थाने तो आर्यभटापासून चालत आलेला आहे. घनतेतला घन म्हणजे दाट, भरीव, 'घनदाट अरण्य' मधला. ग्रह कशाचा बनलाय हे काढताना हे दोन्ही घन एकाच भागाकारात येतात: एक छेदात बसतो, दुसरा उत्तरात येतो. इतकी नेमकी परिभाषा हाताशी असताना आपण 'मोठा' वर का थांबावं?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबूच्या दुर्बिणीवरचा 'पारस' हा वर्णपटमापक वापरून एका ग्रहाचं वस्तुमान मोजलं आणि २०१८ मध्ये ते जाहीर केलं. ग्रहाचं नाव के२-२३६बी. वस्तुमान पृथ्वीच्या २७ पट, त्रिज्या सहापट. आता हा 'किती पट मोठा' म्हणायचा? सहाचा घन २१६. सत्तावीसला २१६ ने भागलं की बरोबर एक अष्टमांश. पृथ्वीच्या २७ पट वस्तुमान असूनही घनता पाण्याहून कमी! 'सत्तावीसपट मोठा' एवढंच लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे अवाढव्य खडक उभा राहील, आणि तो साफ चुकीचा असेल.

यावरचा उपाय मराठीत आयता आहे: तृतीयेचा 'ने'. थोरला भाऊ वयाने मोठा, धाकटा अंगाने मोठा, तिसरा मनाने. कशात मोठा हे सांगितल्याशिवाय आपण माणसांबद्दलही बोलत नाही. तसंच 'व्यासाने दीडपट', 'वस्तुमानाने सव्वातीनपट' लिहावं. आणि 'पृथ्वीच्या दीडपट' लिहावं, 'पृथ्वीपेक्षा दीडपट मोठा' नको. 'पेक्षा' आला की काहींच्या मनात मूळ एक अधिक दीड अशी बेरीज सुरू होते. 'दीडपट लहान' तर मला कधीच कळलेलं नाही. आपल्याकडे पाव, पाऊण आहेत की! ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांपैकी सर्वांत बाहेरचा व्यासाने पृथ्वीच्या पाऊणपट आहे. किती सरळ वाक्य झालं.

अजून एक शब्द जपून वापरावा: 'बनलेला'. घनता कळली म्हणजे घडण कळली असं नाही. (शास्त्रीय लेखनात 'संघटन' म्हणतात, पण मला 'घडण' जवळचा वाटतो.) २००९ मध्ये सापडलेला जीजे १२१४बी व्यासाने पृथ्वीच्या सुमारे २.७ पट आणि वस्तुमानाने आठपट आहे. त्याची घनता पाण्याच्या दुपटीच्या थोडी वर येते. भरपूर पाणी धरून ठेवलेला ग्रहही हाच आकडा देईल आणि हायड्रोजनचं जाड पांघरूण घेतलेला खडकही हाच देईल. हबल दुर्बिणीने त्याच्या वातावरणातून आलेला प्रकाश तपासला, तर दाट ढग किंवा धुरकट आवरण आड आलं. अशा ग्रहाबद्दल 'पाण्याने बनलेला' न लिहिता 'पाण्याचा असू शकेल इतक्या घनतेचा' असं लिहावं. वाक्य लांबतं, पण खरं राहतं.

तेव्हा केपलर-१०बी ची बातमी मी अशी लिहीन: 'व्यासाने पृथ्वीच्या सुमारे दीडपट, वस्तुमानाने सव्वातीनपटीच्या आसपास, घनतेने जवळजवळ पृथ्वीएवढा.' मथळ्यात एवढी जागा नसेल तर 'आकाराचा' काढून 'व्यासाचा' घाला: 'पृथ्वीच्या दीडपट व्यासाचा ग्रह'. एक अक्षर कमीच लागतं.