सीओपीडी असताना हृदयाची तपासणी कशासाठी?

तुमच्या वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, त्यांची धाप फुफ्फुसांमुळेच आहे हे ठरलेले आहे, मग डॉक्टरांनी ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) का लिहून दिला आणि बीपीसाठी चालू असलेली मेटोप्रोलॉलची गोळी बंद करावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे आणि मला खटकला तो ‘ठरलेले आहे’ हा शब्द. सीओपीडीचे नाव एकदा कागदावर चढले की पुढची प्रत्येक धाप त्याच खात्यावर मांडली जाते.

माझ्याकडे एक आजी येत असत. विडी-सिगारेट कधीच नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे गेलेली. घरच्यांचे म्हणणे एकच, ‘पंप (इनहेलर) वाढवून द्या.’ धाप नेमकी केव्हा लागते हे खोदून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की विहिरीकडचा चढ चढताना छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे होते आणि दोन मिनिटे टेकले की उतरते. हे पंपाचे दुखणे नव्हते. अँजिओग्राफीत हृदयाची एक मुख्य धमनी बरीच अरुंद झालेली दिसली.

असे घडण्याची कारणे दोन्ही अवयवांना सामाईक आहेत. धूर, मग तो तंबाखूचा असो वा सरपणाचा, श्वासनलिकांबरोबर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करतो; शिवाय सीओपीडीतला दाह फुफ्फुसांपुरता राहत नाही, तो रक्तातही आढळतो, आणि या रुग्णांच्या धमन्या त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा ताठर झालेल्या दिसतात. सर्वांत जपायचा काळ म्हणजे छाती भरून आजार अचानक बळावल्यानंतरचे दिवस. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा प्रसंगानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या दुपटीहून अधिक आढळला होता. म्हणून त्या दिवसांत छातीत दडपण, घाम किंवा डाव्या हातात कळ आली, तर नेब्युलायझर लावून वाट पाहत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

हृदयाच्या उजव्या बाजूची गोष्ट निराळी आहे. फुफ्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. हे वर्षानुवर्षे सर्वत्र होत राहिले की उजव्या कप्प्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि तो थकतो. संध्याकाळी वडिलांच्या नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून पाहा. खड्डा तसाच राहिला तर डॉक्टरांना सांगा. (बीपीची अम्लोडिपिन ही गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण त्या गोळीनेही पायांना सूज येते.) हा ताण इकोत कळू शकतो, मात्र फुगलेल्या फुफ्फुसांमुळे चित्र कधीकधी धूसर येते; त्यात तंत्रज्ञाचा दोष नसतो.

आता गोळीविषयी. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधे प्रामुख्याने हृदयावर काम करतात आणि हृदयासाठी खरी गरज असेल तर सीओपीडीतही बहुतेकांना सोसतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधांनी मात्र श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2019 च्या एका अमेरिकी चाचणीत, हृदयासाठी या औषधाची गरज नसलेल्या सीओपीडी रुग्णांना मेटोप्रोलॉल दिले, तर आजार बळावण्याचे प्रमाण घटले नाही, उलट त्यासाठी दाखल होण्याची वेळ अधिक जणांवर आली. त्यामुळे प्रश्न ‘चालते का’ एवढाच नसून ‘कशासाठी चालू आहे’ हा आहे. केवळ बीपीसाठी असेल तर पर्याय भरपूर आहेत. पूर्वी हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा हृदयाचे पंपिंग कमी असेल तर ती मोलाची आहे. एकदम बंद केल्यास नाडी आणि बीपी उसळू शकतात, म्हणून निर्णय होईपर्यंत ती चालू ठेवा आणि इकोचा रिपोर्ट घेऊन जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या व श्वासाचे पंप पिशवीत टाकून न्या.