हॅलोवीन ब्राउनी: कोन सासूबाईंच्या हातात द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं. तुमच्या जागी मी होते त्याला आता काही वर्षं झाली. तुम्हाला पुण्याहून न्यू जर्सीत आल्याला दुसरंच वर्ष, मुलगी ६ वर्षांची, मुलगा १० चा, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले. सासूबाई अंडं खात नाहीत, वर "सणासुदीच्या दिवसांत ही भुतं कसली करता?" म्हणून स्वयंपाकघरातून निघून जातात. गेल्या वर्षी तयार मिश्रणाच्या ब्राउनीवर पांढऱ्या चॉकलेटने कोळ्याचं जाळं काढायला गेलात, तर त्याची रबडी झाली. यंदा हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला, घरातल्या सगळ्यांना घेऊन करायचंय, कुठून सुरुवात करू, असं विचारलंय.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. भाजणं आणि सजवणं एका दिवशी करायचं नाही. तुमची रबडी का झाली ते मी इथूनच सांगते: ब्राउनी कोमट होती. माझीही तशीच झाली होती. मुलं ओट्याशी उभी, "झालं का, झालं का" चालू, म्हणून मी ट्रे बाहेर काढल्यावर वीस मिनिटांत चॉकलेट ओतलं. ते एका बाजूला वाहत गेलं आणि सजावटीचे कोळी त्याच्याबरोबर ट्रेच्या कडेला जाऊन बसले. ब्राउनीचा मधला भाग तासाभरानंतरही गरम असतो, वरून हात लावून कळत नाही. रात्री मुलं झोपल्यावर शांतपणे भाजा, झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी सजवा. न सजवलेली ब्राउनी नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये दोन-तीन आठवडे आरामात राहते. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. तेव्हा मी चकल्यांच्या आधीच्या शनिवारी ब्राउनी भाजून टाकली म्हणून निभावलं. सकाळी अभ्यंगस्नान, कारिट इथे मिळत नाही म्हणून अंगठ्याखाली चेरी टोमॅटो, आणि संध्याकाळी तीच मुलं सांगाड्याचे कपडे घालून दारोदार.

दुसरी गोष्ट, ब्राउनी ३१ तारखेसाठी करूच नका, ३० तारखेसाठी करा. ३१ ला संध्याकाळी मुलं दारोदार फिरून पिशवीभर चॉकलेटं घेऊन घरी येतात, तेव्हा तुमच्या ब्राउनीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ३० ऑक्टोबरच्या रात्रीला आपल्या जर्सीत 'मिस्चिफ नाइट' म्हणतात. मोठी पोरं लोकांच्या झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, खिडक्यांना साबण फासतात. त्या रात्री तुमची मंडळी घरात बसून जाळी काढत असलेली बरी. खायचंही तेव्हाच.

आता कृती. ८ इंची चौकोनी ट्रे घ्या, धातूचा. काचेचा उशिरा तापतो आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ गरम राहतो, त्यामुळे कडा कोरड्या पडतात. बटर ११३ ग्रॅम, म्हणजे इथली एक कांडी. गडद चॉकलेट १७० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, मोठी अंडी २, मैदा ८० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, पाव चमचा मीठ, चमचाभर व्हॅनिला. बटर आणि चॉकलेट एकत्र वितळवा. अंडी आणि साखर वेगळ्या भांड्यात चार-पाच मिनिटं जोरात फेटा, मिश्रण फिकट आणि दाट होईपर्यंत. वरची ती पातळ, चकचकीत, तडकणारी पापुद्र्यासारखी साय इथूनच येते. मग चॉकलेट घाला, शेवटी मैदा आणि कोको चाळून घाला आणि हलक्या हाताने मिसळा. मैदा घातल्यावर फेटत बसलात की तो चिवट होतो. ३५० फॅरनहाइटला २५ ते २८ मिनिटं. टोचलेल्या काडीला ओलसर कण चिकटले पाहिजेत. काडी स्वच्छ निघाली तर तो केक झाला, आणि तुम्हाला केक नकोय. बेकिंग पावडर घालू नका. ती घातली की मध्ये फुगवटा येतो आणि आपल्याला सपाट जमीन हवी आहे.

ट्रेमध्ये बेकिंगचा कागद दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबेल असा घाला, म्हणजे थंड झाल्यावर अख्खा चौकोन उचलून काढता येतो. हे विसरलात तर ब्राउनी खरवडून काढावी लागेल.

सासूबाईंसाठी वेगळा ट्रे करा. वेगळा म्हणजे खरंच वेगळा: भांडं, चमचा, सुरी सगळं. आपण म्हणतो धुतलंय, पण त्यांचं लक्ष असतं आणि मन मानत नाही, तर कशाला. बटर आणि चॉकलेट वरच्याइतकंच, साखर १५० ग्रॅम, घट्ट दही १२० ग्रॅम, दूध पाव कप, मैदा ११० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम. यात मात्र अर्धा चमचा बेकिंग पावडर लागते, कारण अंड्याचा आधार नाही. तापमान तेच, २५ मिनिटांनंतर बघायला लागा. तडकलेला पापुद्रा यावर येत नाही. पण वर चॉकलेटचा थर येणार आहे, खाली काय आलं नाही ते कुणाला दिसतंय? केक बिनअंड्याचा केला की लगेच कळतो, ब्राउनी झाकून जाते.

खरं तर हॅलोवीनला ब्राउनीच का, याचं उत्तरही हेच आहे. गडद, सपाट, दाट. रात्रीचं आकाश म्हणा, स्मशानातली माती म्हणा, आयती तयार. शिवाय ती या देशाचीच. शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बायकांच्या जेवणाच्या डब्यात घालायला केली, असं ते हॉटेल सांगतं. चमच्याशिवाय, हात न माखता खाता येईल अशी. मुलांसाठी आजही तोच गुण महत्त्वाचा.

आता जाळं. थर देण्यासाठी ११५ ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरा, अर्धा कप क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, चॉकलेटवर ओता, तीन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत या. थंड ब्राउनीवर पसरा. आणि आता घाई करायची, कारण जाळं थर ओला असतानाच निघतं. पांढरं चॉकलेट आधीच वितळवून कागदाच्या कोनात भरून तयार हवं. मधे ठिपका, भोवती पाच-सहा वर्तुळं, मग टूथपिकने मधल्या ठिपक्यापासून बाहेर रेघा ओढायच्या. प्रत्येक रेघेनंतर काडी पुसा. थर सुकला असेल तर काडी नुसती ओरखडे काढते.

पांढरं चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर, २० सेकंद, ढवळा, परत २० सेकंद. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवू नका. वाफेचा एक थेंब पडला की त्याचा रवा होतो आणि मग काही केल्या सुधारत नाही. याच कारणाने साधा खायचा रंगही त्यात चालत नाही, तो पाण्यातला असतो. चॉकलेटचे तेलातले रंग वेगळे मिळतात, ते आणा. फक्त पिवळा हवा असेल तर चिमूटभर कोरडी हळद घाला. चवीला कळत नाही, मी दरवर्षी घालते आणि दरवर्षी कुणाला सांगत नाही.

आणि हा कोन सासूबाईंच्या हातात द्या.

माझ्या सासूबाई सांगलीच्या. त्या वर्षी त्याही तुमच्या सासूबाईंसारख्याच बाहेर सोफ्यावर पाठ करून बसल्या होत्या. मी बेकिंगच्या कागदाचा कोन वळत होते आणि तो सारखा सुटत होता. त्यांनी लांबूनच बघितलं, उठल्या, माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा मेंदीचाच कोन की." दोन मिनिटांत सुईसारख्या टोकाचे चार कोन वळून दिले. मग एक जाळं काढलं. वर्तुळं अशी की कंपासने काढावीत. हाताला सवय आयुष्यभर रांगोळीची, वर्तुळाला वर्तुळ कुठे भेटतं ते डोळ्यांना आधीच माहीत. पुढच्या ब्राउनीवर जाळ्याऐवजी कमळ आलं, त्याच्या पुढच्यावर कासव. माझा मुलगा वैतागला, "आजी, हे स्केरी नाहीये." त्या म्हणाल्या, "कासव अंधारात पायात आलं तर समजेल." तेव्हापासून आमच्या घरच्या हॅलोवीन ट्रेमध्ये एक कासव असतंच, आणि ते कुणी खायचं यावर भांडण होतं.

भुतांचा वाद घालत बसू नका. विचारलंच तर एवढं सांगा की १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस आणि २ तारखेला सर्व मृतात्म्यांचा, हॅलोवीन ही सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. गेलेल्यांच्या नावाने पूर्वी इंग्लंड-आयर्लंडमध्ये दारोदार फिरणाऱ्यांना गोड पाव द्यायचे. माझ्या सासूबाई हे ऐकून "म्हणजे यांचा पितृपक्षच" म्हणाल्या आणि विषय संपला. तो तसा नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

बाकीच्यांना कामं अशी. ६ वर्षांच्या मुलीला ममी, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेलं मढं, करायला द्या. ब्राउनीचे उभे आयत कापा, दोन साखरेचे डोळे चिकटवा (तयार पाकीट मिळतं) आणि वरून पांढऱ्या चॉकलेटच्या वाकड्यातिकड्या रेघा. वाकड्याच चांगल्या दिसतात, त्यामुळे तिचं काही चुकतच नाही. डोळे आधी, पट्ट्या नंतर, म्हणजे एखादा डोळा पट्टीआडून बघतो. १० वर्षांच्या मुलाला ममी दिलीत तर कंटाळेल. त्याला स्मशान द्या. सासूबाईंचा ट्रे न कापता तसाच ठेवा, त्यावर ओरिओची बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने कुटायची, ती माती. बिनअंड्याची लांबट बिस्किटं उभी खोचली की थडगी तयार, त्यांवर चॉकलेटने लिहायचं. आमच्याकडे एकच नियम आहे: जिवंत माणसाचं नाव थडग्यावर नको. एकदा मुलाने लाडाने "बाबा" लिहिलं आणि सासूबाईंनी ते बिस्किट तिथल्या तिथे खाऊन टाकलं. तेव्हापासून थडग्यावर 'बाबांचं डाएट' असतं, 'जिमची मेंबरशिप' असते, एकदा 'तव्यावरची पहिली पोळी' होती. सासऱ्यांना हे लिहायचं काम आवडेल बघा. शब्दकोडी सोडवणारे असतील तर नक्कीच.

सामान आणताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मार्शमॅलो आणि रबरासारखे किडे यांत बहुतेक वेळा जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं, कॅंडी कॉर्नमध्येही. बिनअंड्याची ब्राउनी करायची आणि वर जिलेटिनचा किडा ठेवायचा, यात काय अर्थ? इथे जिलेटिनशिवायचे मार्शमॅलो मिळतात. वितळवलेल्या मार्शमॅलोचे तंतू ओढून जाळं करण्याचा एक प्रकार सगळीकडे दिसतो. दिसतो सुंदर, पण मिश्रण साखरेच्या पाकासारखं चटका देतं आणि सगळ्या घराला चिकटतं. मी एकदा केला. मुलं लहान असेपर्यंत तुम्ही करू नका.

कापताना लोखंडी सुरीपेक्षा पार्टीतली प्लॅस्टिकची सुरी वापरून बघा, ब्राउनी तिला कमी चिकटते. थर दिलेली मात्र फ्रीजमध्ये तासभर ठेवून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनेच कापा. ८ इंची ट्रेचे २ इंची १६ तुकडे होतात. जास्त हवे म्हणून ९ बाय १३ चा ट्रे घेणार असाल तर प्रमाण दुप्पट करा, वेळ दुप्पट करू नका. आठ-दहा मिनिटं वाढवून काडी टोचा. मी दुप्पट केली होती, त्याचे तुकडे पायपुसण्याशेजारी दाराला अडसर म्हणून चालले असते.

शाळेत पाठवायचा विचार असेल तर आधी शिक्षिकेला विचारा. पुष्कळ शाळा ॲलर्जीमुळे घरचं काही घेत नाहीत. मी न विचारता २४ ममी पाठवल्या होत्या, चोवीसच्या चोवीस परत आल्या. दारात येणाऱ्या मुलांनाही घरची ब्राउनी द्यायची नाही, अनोळखी घरचं उघडं खाणं आईबाप टाकूनच देतात. त्यांना बंद पाकिटातलं चॉकलेट द्या. एखाद्या दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणी, स्टिकर असं काही मिळतं, ॲलर्जीच्या मुलांसाठी. तुम्हीही ठेवू शकता. शेजारी कुत्रा असेल तर ट्रे अंगणातल्या टेबलावर ठेवू नका, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं.

उरलेली ब्राउनी थर दिलेली असेल तर फ्रीजमध्ये, हवाबंद डब्यात, तीन-चार दिवस. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा.

आणि हो, दारातला कोरलेला भोपळा घारग्यांना वापरू नका. मी केले होते. तो नुसता पाणचट आणि धाग्याधाग्यांचा निघतो. घारग्यांसाठी बटरनट (लांबट, पिवळसर भोपळा) आणा, मस्त होतात. सासूबाईंना विचारून प्रमाण इथे टाका, माझे दरवेळी तेल पितात.