फ्रिजवरची वही

प्रिय ताई,

मी ४९ वर्षांची, मिरजेत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. वयाच्या २२ व्या वर्षापासून कविता लिहिते. आजवर ११ छापून आल्या, त्यातल्या दोन दिवाळी अंकांत. तीन वर्षांपूर्वी धीर करून एका ज्येष्ठ कवींना माझी वही दिली. 'वाचून कळवतो,' म्हणाले. वर्षभरानं मीच जाऊन ती परत आणली. 'छान आहे, लिहीत राहा,' असं म्हणाले. घरी येऊन पाहते तर पावसात भिजून एकमेकांना चिकटलेली दोन पानं तशीच चिकटलेली. वही वाचलीच नव्हती.

तेव्हापासून माझा स्वतःवरचा विश्वास उडालाय. लिहायला बसले की वाटतं, कशासाठी? यजमान चांगले आहेत, 'लिही की, कोण नको म्हणतंय' म्हणतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कविता टाकली की टाळ्यांची चिन्हं येतात, पण ती सगळ्यांनाच येतात. आमच्या खालच्या मजल्यावरची नववीतली मुलगीही दिवाळीत तिच्या कवितांची वही देऊन गेली आहे, पण माझीच अशी अवस्था असताना तिला मी काय सांगणार, म्हणून ती तशीच फ्रिजवर पडून आहे. मन कशातच लागत नाही. ताई, मी लिहिणं थांबवावं का? की पाच-सहा कविता तुम्हाला पाठवू? तुम्ही खरं सांगाल.

— एक वाचक, मिरज

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा तुमच्याबरोबर मीही त्या कवींवर चिडले. चिकटलेल्या पानांपाशी तर पोटात तुटलं. तिसऱ्यांदा वाचताना फ्रिजपाशी थांबले, आणि तिथून पुढे सरकताच येईना.

दिवाळीत दिलेली वही. आता वैशाख संपत आला. सहा-सात महिने झाले. तिच्यावर दुधाचा हिशोब आला असेल, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली असेल, विजेचं बिल आलं असेल. ती मुलगी तुम्हाला जिन्यात भेटत असेल. सुरुवातीला थांबत असेल, तुम्ही काही बोलाल म्हणून. मग नुसती हसत असेल. आता कदाचित तुमच्या पायांचा आवाज आला की आत जाऊन दार लोटून घेत असेल.

त्या ज्येष्ठ कवींबद्दल एवढंच सांगते की ते चुकले. वाचली नाही तर नाही वाचली, असं म्हणायला हवं होतं. माझ्या लेखी त्यांचा विषय इथे संपला. पण तुमच्या इमारतीत आज ज्येष्ठ कवी कोण आहे? जिची कविता दिवाळी अंकात छापून आली आहे, अशी त्या मुलीच्या ओळखीतली बाई कोण आहे? तिनं वही दुसऱ्या कुणाला दिली नाही. जिना चढून तुमच्याकडे आली. आणि तुम्ही जेव्हा ती परत द्याल, तेव्हा तीही घरी जाऊन काहीतरी बघणारच. मुलं बघतात. कोपरा दुमडलाय का, पानांत ठेवलेलं पिंपळाचं पान हललंय का.

रागावून बोलतेय, कारण मीही हेच केलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका तरुणानं मला कादंबरीचं बाड आणून दिलं होतं, फुलस्केप कागद, डाव्या बाजूनं काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. आठ महिने ते माझ्या कपाटात होतं. त्यानं विचारलं की मी म्हणायचे, अरे, वेळच होत नाहीये. खोटं होतं ते. वेळ होता. त्या वर्षी माझं स्वतःचं लिखाण अडलं होतं आणि मला त्या बाडाची भीती वाटत होती. वाईट निघालं तर त्याच्या तोंडावर काय सांगू, ही एक भीती. आणि चांगलं निघालं तर माझं काय, ही दुसरी. दुसरी मोठी होती, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली. एक दिवस तो आला आणि म्हणाला, 'राहू द्या ताई, मी घेऊन जातो.' आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. त्यानंतर त्याचं नाव मला कुठे छापलेलं दिसलं नाही. दर दिवाळीला अंक हातात आला की अनुक्रमणिकेत मी अजूनही ते शोधते.

म्हणून 'माझीच अशी अवस्था असताना' हे तुमचं वाक्य मला नीट ओळखीचं आहे. त्यामागे नेमकं काय दडलेलं असतं, तेही.

आता एक विचारते. त्या कवींकडून तुम्हाला काय हवं होतं? कौतुक? ते तर मिळालं. 'छान आहे, लिहीत राहा,' म्हणाले की ते! तरी तुम्ही घरी येऊन पानं तपासलीत. तुम्हाला पुरावा हवा होता, आपण लिहिलेलं कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याचा. माणूस त्यावर जगतो. 'सत्यकथा' मासिक १९३३ ते १९८२ निघत होतं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना पत्रं लिहायचे, कथा कुठे अडली ते सांगायचे, पुन्हा लिहायला लावायचे. त्यांच्या निवडीवर नाराज असणारेही पुष्कळ होते. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी त्या मासिकाची होळीसुद्धा केली. पण ज्यांना ती पत्रं आली, त्यांच्यासाठी ती मोलाची होती. गोड शब्दांसाठी नव्हे. मुंबईत बसलेल्या एका माणसानं आपल्या कथेतलं सातवं पान पुन्हा उलटून पाहिलंय, हे त्या पत्रातून कळायचं.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण अशा वेळी सगळेच देतात. मला ते वेगळ्या माणसांसाठी द्यायचं आहे. आचार्य अत्र्यांनी त्यांच्या कविता पाहिल्या, डोक्यावर घेतल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं, हे आपल्याला ठाऊक असतं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या होत्या. पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. पण अत्र्यांपुढे ठेवायला आधी काहीतरी कागदावर असावं लागलं ना? त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी त्या ओळी उतरवून घेतल्या. घरातली बाई कामात गुणगुणतेय आणि कुणीतरी हातातलं टाकून ते ऐकतंय, कागद शोधतंय. मला अत्र्यांपेक्षा हे चित्र जास्त हलवून जातं. बहिणाबाईंच्या घरात अशी माणसं होती. तुमच्या खालच्या मजल्यावर कोण आहे, मला माहीत नाही. पण मुलगी वही घेऊन वर आली, यावरून काय समजायचं ते मी समजले.

तुम्हाला वाटतंय, तुमचा विश्वास कवितांवरचा उडालाय. मला वाटतं तो कानावरचा उडालाय. कुठली ओळ खरी आणि कुठली नुसती जुळवलेली, हे आपल्याला कळतं, यावरचा विश्वास. २७ वर्षं लिहिणाऱ्या बाईला ते कळत नाही, असं मी मुळीच मानणार नाही. पण स्वतःची वही उघडली की ते कवी मध्ये येऊन बसतात, ती चिकटलेली पानं मध्ये येतात, आणि तुम्हाला काही ऐकूच येत नाही. त्या मुलीच्या वहीत यांच्यापैकी कुणी नाही. तिथे सतरा ओळी पाठ्यपुस्तकासारख्या असतील. चंद्र असेल, पाऊस असेल, आईची माया असेल. आणि अठराव्या ओळीत एकदम आईच्या बांगडीला वाळून बसलेली कणीक येईल. तिथे तुम्ही थांबाल. कुणाला विचारायला जाणार नाही, आपोआप थांबाल. तो तुमचाच कान असेल. तीन वर्षं तुम्हाला तो परक्या माणसाकडून परत मिळवायचा होता, आणि तो इतका वेळ फ्रिजवर होता!

तेव्हा आज रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की ती वही खाली काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्यांदा हातात काही न घेता अखेरपर्यंत वाचा. मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा आणि जिथे थांबावंसं वाटेल, तिथे समासात बारीक खूण करा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, ते शाळा करते. माझ्या पहिल्या वहीत आमच्या गावच्या ग्रंथपालांनी एका ओळीशेजारी अशीच एक फुली केली होती, पेन्सिलीची, तांदळाच्या दाण्याएवढी. तोंडानं काही म्हणाले नाहीत, वही दिली आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं. मी तेरा वर्षांची होते. घरी जाऊन त्या फुलीकडे किती वेळ बघत बसले! बाकी सगळं त्यांना आवडलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण ती एक ओळ माझी होती आणि ती त्यांना दिसली होती.

उद्या संध्याकाळी तिला वर बोलवा. उशीर झाला म्हणून माफी मागा, कारणं देऊ नका. तिनं न विचारता 'छान' म्हणू नका, तो शब्द तुम्हाला पुरला नाही, तिला कसा पुरेल? खूण केलेली ओळ तिला तुमच्या आवाजात वाचून दाखवा. आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडून तिनं बहुधा कधी ऐकली नसेल. मग तिला एकच विचारा, हे तुला कुठे दिसलं? आणि ती बोलायला लागली की ऐका. चहा गार झाला तर होऊ द्या.

हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. ती आता दहावीत गेली आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल, क्लास तर सुरूही झाला असेल, आणि वर्षभर घरीदारी तिला सगळे एकच सांगणार आहेत, हे कवितेचं आत्ता बाजूला ठेव, आधी दहावी. तो आवाज फार मोठा असतो आणि भल्या माणसांचा असतो, म्हणून त्याला उत्तर देता येत नाही. त्याआधी एका तरी माणसाचा दुसरा आवाज तिच्या कानात असू दे.

लिहिणं थांबवावं का, याचं उत्तर मी देणार नाही. कविताही मला आत्ता पाठवू नका. मी तुमच्या त्या रांगेतली आणखी एक ज्येष्ठ बाई होऊन बसेन, आणि तुम्ही पुन्हा टपालाची वाट बघत राहाल. मला पत्र जरूर लिहा, पण वही परत दिल्यावर. तुम्ही तिच्या कुठल्या ओळीपाशी थांबलात, ती ओळ, तिला विचारून, मला लिहून पाठवा. आणि खाली तिचं नाव घाला.