१ टीबीची एसएसडी घेतली, पण ९३१ जीबीच मेमरी दिसते. फसवणूक झाली का? मेमरी, रॅम, एम.२, एनव्हीएमई हे शब्दही समजावून सांगाल का?

फसवणूक झालेली नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज तेच बाइट तीनदा १०२४ ने भागतं, उत्तर ९३१ येतं आणि त्यापुढे जीबीच लिहितं. या १०२४ च्या मापाला १९९८ पासून गिबीबाइट असं वेगळं नाव आहे, पण विंडोज ते वापरत नाही. मॅक २००९ पासून १००० ने भागतो, तिथे हीच डिस्क १ टीबी दिसेल.

मला टोचला तो तुमचा 'मेमरी' हा शब्द. तुम्ही घेतलंय ते स्टोरेज, म्हणजे फायली साठवून ठेवायची जागा; एसएसडी ही चिपवर साठवणारी डिस्क. वीज गेली तरी त्यातलं राहतं. रॅम म्हणजे चालू कामापुरती जागा, मशीन बंद केलं की त्यातलं जातं. दोन्हीला मेमरी म्हटल्यामुळे माझं काय गेलं ते सांगतो.

घरात मी आणि दादा एकच लॅपटॉप वापरायचो. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघडल्या की तो गुदमरायचा. रॅम ४ जीबी होती. मी बाहेरगावी होतो, तिथून फोनवर म्हणालो, "मेमरी कमी पडतेय." दादानं त्याचा अर्थ लावला, डिस्क भरली. त्यानं फोल्डर आकारानुसार लावले आणि वरचे उडवले, रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. सगळ्यात वर होती माझी सहा वर्षांची पक्ष्यांच्या आवाजांची रेकॉर्डिंग्ज. वेव्ह फायली मोठ्याच असतात.

परत आल्यावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. फायलींची नावं मिळाली, आकार मिळाले, आत नुसती शून्यं. एसएसडीवर फाइल पुसली की सिस्टिम ट्रिम नावाचा आदेश पाठवते, ती जागा आता नको असं डिस्कला कळतं आणि डिस्क ती साफ करून टाकते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर बरंच काही वाचलं असतं. लॅपटॉप मात्र होता तसाच रखडत राहिला. पुढे रॅम ८ जीबी केली आणि त्याच दिवशी तो सुरळीत चालायला लागला.

दादा अजून म्हणतो, "लोक दोन्हीला मेमरीच म्हणतात, मेमरी कार्ड म्हणतातच ना?" म्हणू देत. मेमरी कार्ड हे स्टोरेजच आहे. तुम्ही 'रॅम' म्हणा किंवा 'डिस्क' म्हणा, मेमरी हा शब्द बोलण्यातून काढूनच टाका. आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा. माझा नव्हता.

एम.२ हा फक्त आकार आणि खाच. एनव्हीएमई ही डिस्कशी बोलण्याची पद्धत. एम.२ आकाराची डिस्क साटा या जुन्या पद्धतीचीही असते, ती सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई कितीतरी पट वेगवान. तुमच्या मदरबोर्डची खाच कोणती पद्धत घेते ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

एक मात्र मान्य करायला हवं. डिस्क अगदी काठोकाठ भरली तरी मशीन मंदावतं, कारण रॅम अपुरी पडली की सिस्टिम डिस्कचीच जागा उसनी घेते आणि एसएसडीलाही मोकळी जागा लागते. त्यामुळे डिस्क भरली हा दादाचा अंदाज एरवी खरा ठरू शकला असता. पण त्यानं पुसायला घेतलं तेव्हा आमच्या डिस्कवर निम्मी जागा मोकळी होती.