सुपरहीरो मालिकेचा शेवटचा अंक वाचून फसवल्यासारखं वाटलं. बाकीच्या वाचकांनाही असं होतं, की मीच अती करतोय?

अती करताय की नाही ते नंतर बघू. तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझी जळालेली प्रत आठवली, तेव्हा आधी ती हकीकत.

अमेझिंग स्पायडर-मॅन या अमेरिकन कॉमिकचा ७००वा अंक, डिसेंबर २०१२. १९६३पासूनची मालिका त्या अंकावर थांबणार हे जाहीर झालेलं होतं. शेवट तुम्हाला माहीत असणारच. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस पीटर पार्करच्या, म्हणजे खऱ्या स्पायडर-मॅनच्या, देहात, पीटर त्याच्या मरायला टेकलेल्या देहात, आणि पीटर तिथेच संपतो. जाताना आपल्या साऱ्या आठवणी त्याच्या डोक्यात उतरवतो, म्हणून ऑक्टोपस पुढे स्पायडर-मॅन म्हणूनच जगायचं ठरवतो. परकायाप्रवेशाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. तिकडे मात्र अंक दुकानात पोचायच्या आधीच शेवट फुटला आणि लेखक डॅन स्लॉटला जिवे मारायच्या धमक्या गेल्या. एका कॉमिकसाठी!

मी तेव्हा गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. मामेभाऊ बोटीवर, त्याला अमेरिकेतल्या बंदरात उतरशील तेव्हा आण म्हणून चार महिने मागे लागलो होतो. अंकाची किंमत ७.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वाचारशेच्या वर. फेब्रुवारीत तो हातात आला. मी दोनदा वाचला, परत पिशवीत घातला आणि कपाटात आईच्या पैठणीखाली ठेवला. घरात त्याहून सुरक्षित जागा नाही.

शिमग्याला चाकरमानी आले, त्यात आमचा चुलतभाऊ भाई. स्पायडर-मॅनचं वेड मला त्यानेच लावलेलं, त्यामुळे अंक त्याला दाखवायलाच हवा होता. दुपारी पडवीत बसून त्याने वाचला. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "हा स्पायडर-मॅन नाय. चोर आहे हा." मी म्हटलं, थांब जरा, पुढे काय होतंय ते बघू. तर म्हणे, "शेवटचा अंक म्हणजे शेवट. पुढे बघू म्हणायचं तर शेवट कशाला म्हणायचं?"

संध्याकाळपर्यंत तेच. जेवताना तेच. काकू शेवटी ओरडली, "कोण मेलाय तुमचा?"

रात्री होम पेटला. पालखी सहाणेवर, ढोल चाललेले, लोक नारळ टाकतायत, पोरं फाका घालतायत. आणि भाईने सदऱ्याच्या आतून माझा अंक काढला आणि पिशवीसकट होमात भिरकावला. वर बोंब मारली. आजूबाजूच्यांनी, काय प्रकरण आहे ते न कळता, त्याच्याबरोबर बोंब मारली. होमात प्लॅस्टिक टाकलं म्हणून गुरव त्याला जे काही बोलले, तेवढाच मला न्याय मिळाला.

माझं त्याच्याशी भांडण प्रतीवरून आहेच, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीवरून आहे. दुसऱ्या दिवशी दारात खेळे, म्हणजे शिमग्यात घरोघरी नाचणारी मंडळी, आले. संकासूर नाचला. काळे कपडे, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. नावातच असुर आहे. तरी आमच्याकडे त्याला नवस बोलतात, पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्यामागून सोडतही नाहीत. हाच भाई त्याच्या पाया पडला, मुलाला त्याच्या पायावर घातलं. मी तिथेच विचारलं, असुर मुखवटा घालून अंगणात आला तर तुला देव, आणि ऑक्टोपसने स्पायडर-मॅनचा मुखवटा घातला की चोर? तो म्हणाला, "देवाधर्मात कॉमिक आणू नको." याला काय उत्तर म्हणायचं?

पुढचं सांगतो. त्या शेवटानंतर सुपीरियर स्पायडर-मॅन नावाने ३१ अंक निघाले. एप्रिल २०१४मध्ये ते संपले तेव्हा पीटर परत आला होता. भाईचा लगेच फोन, "बघ, आणावा लागला ना परत?" जणू त्याने होमात टाकला म्हणून आणला! अरे, पण आला कसा ते वाच की. ऑक्टोपसला कळतं की या वेळी माणसं वाचवायला पीटरच हवा, आणि तो स्वतःला पुसून टाकतो. ७००व्या अंकात पीटर हरला नसता तर हे घडलंच नसतं. भाईने हे अंक अजून वाचलेले नाहीत. मत मात्र ठाम आहे.

तर तुमचं. हो, बाकीच्यांनाही होतं. वर्षानुवर्षं वाचलेलं माणूस हातातून गेलं की राग येणारच. पण वाचकांना हवा तसा शेवट दिला की गोष्ट चांगली होते, हे डोक्यातून काढा. १९८८मध्ये बॅटमनच्या साथीदाराला, म्हणजे दुसऱ्या रॉबिनला, जगवायचं की मारायचं हे वाचकांच्या फोनवर सोडलं होतं. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. बहात्तर फोनांनी पोरगा मेला. आता बोला.

आणि ज्या स्लॉटला धमक्या गेल्या, तो लिहीत राहिला. अमेझिंग स्पायडर-मॅन पुढे पुन्हा सुरू झाली आणि जून २०१८मध्ये तिच्या ८०१व्या अंकावर त्याने मालिका सोडली. मोठी मारामारी नाही. स्पायडर-मॅनने पूर्वी कधीतरी वाचवलेल्या एका साध्या माणसाची गोष्ट. तिचं भरभरून कौतुक झालं. तुमचा अंक कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण महिनाभर बाजूला ठेवून एकदा परत वाचा. तरीही फालतू वाटला तर फालतू म्हणा, खुशाल म्हणा. लेखकाच्या आईबापांपर्यंत जाऊ नका.

एक कबूल करतो. २०१८च्याच जुलैत बॅटमनच्या नव्या मालिकेच्या ५०व्या अंकात त्याचं लग्न होता होता राहिलं, तेव्हा मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नव्हतो, आणि इंटरनेटवर जे लिहिलं ते आता इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणजे मीही भाईचाच भाऊ. फक्त मी प्रत जाळली नाही. तीही दुसऱ्याची.

भाई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. ७००वा अंक, पहिल्या छपाईचा, पिशवीसकट. शिमग्याला येताना घेऊन ये.