हवेच्या गादीची घासाघीस

प्रश्न : मी घरी बांधलेल्या हॉवरक्राफ्टची (पंख्याने खाली कोंडलेल्या हवेवर तरंगणाऱ्या वाहनाची) हवेची गादी ३ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद असून चालकासह एकूण वजन २७० किलो आहे. ते उचलले जाते, पण स्कर्ट (गादीची हवा अडवणारा कडेचा कापडी घेर) मागच्या बाजूला घासतो. मोठा पंखा बसवावा का?

उत्तर : पंख्यावर खर्च करण्यापूर्वी दाब मोजावा. गादीच्या ५.४ चौरस मीटरवर आपले वजन वाटले, तर दर चौरस मीटरवर ५० किलो भार येतो आणि तो पेलण्यास पाण्याच्या ५० मिलिमीटर स्तंभाइतका दाब लागतो. यू आकारात वाकवलेल्या पारदर्शक नळीत निम्मे पाणी भरून एक टोक स्कर्टखाली सरकवावे. दोन्ही पातळ्यांतला फरक हाच दाब. तो ५०च्या आसपास असेल, तर पंख्याला दोष देऊ नये; मागे बसवलेल्या इंजिनामुळे गुरुत्वमध्यच मागे गेलेला असतो, तेव्हा बॅटरी व इंधनटाकी पुढे सरकवावी. फरक बराच कमी भरल्यास मात्र मागच्या कोपऱ्यांतल्या शिवणी बोटाने चाचपाव्यात, कारण कापड तिथेच आधी झिजते.